वॉटर्लू मांडताना: शंभर लोखंडी पट्ट्या, मूठभर तूर आणि उशिरा पोचणाऱ्या चिठ्ठ्या

हरभरा घरात आलेला असतो आणि वखराच्या पासा ठोकून घ्यायला कास्तकारांची गर्दी अजून व्हायची असते. चैत्रातले हे तीन-चार आठवडे माझ्या वेल्डिंगच्या दुकानाला थोडी उसंत असते. त्या दिवसांत एका रविवारी आम्ही दुकानाच्या टिनाच्या शेडमध्ये वॉटर्लूची लढाई मांडतो. एका बाजूला फ्रेंचांचा नेपोलियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा वेलिंग्टन आणि त्याच्या मदतीला येणारी प्रशिया या जर्मन राज्याची फौज. १८ जून १८१५ ला आजच्या बेल्जियममधल्या एका शिवारात दिवसभर जे घडलं, ते आठ बाय चारच्या प्लायवर, सकाळी सहापासून ऊन चढेपर्यंत. कोणाला आपल्या गावात हे करून पाहायचं असेल, तर सामानापासून नियमांपर्यंत सगळं सांगतो.

पण सगळ्यात आधी एक गोष्ट. सेनापतीला रणांगण दिसू देऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही सगळे प्लायभोवती उभे राहून खेळलो. नेपोलियनला वेलिंग्टनची शेवटची पलटणसुद्धा दिसत होती, आणि प्रशियाची फौज कोणत्या बाजूने येणार हे तर सगळ्यांनाच पाठ होतं. सकाळी साडेनवाला खेळ आटोपला. फासे टाकले, पट्ट्या सरकवल्या, पण नेपोलियनने त्या दिवशी काय काय अंदाजाने ठरवलं असेल, याचा घाम कोणालाच फुटला नाही. दुसऱ्या वर्षी मी नेपोलियनला शेडच्या बाहेर, साठ पावलांवरच्या कडुलिंबाखाली बसवलं. हातात फक्त कागदाचा नकाशा. शेडमधला आवाज ऐकू येईल, दिसणार काही नाही. त्या दिवसापासून आमचा खेळ जमला.

प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना असाच खेळ शिकवत. राइसविट्झ नावाच्या एका लेफ्टनंटने आपल्या वडिलांचा जुना खेळ सुधारून तो तयार केला होता. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बसायच्या, लेखी हुकूम द्यायच्या, आणि मधला पंच काय दिसलं तेवढंच सांगायचा. त्या खेळाला मान्यता देणारा सेनाप्रमुख म्यूफलिंग हा वॉटर्लूच्या दिवशी वेलिंग्टनजवळ प्रशियाचा दुवा म्हणून हजर होता. चिठ्ठी उशिरा पोचली की काय होतं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

माणसं किती लागतात? सहा पुरतात. आमच्याकडे जिनिंगमध्ये काटा करणारा माझा मामेभाऊ नेपोलियन असतो. नेपोलियनच्या हाताखालचा सेनानी मार्शल ‘ने’ माझी वहिनी खेळते, आणि तिच्याइतका जोर लावणारा दुसरा कोणी आमच्यात नाही. शाळेतले गुरुजी वेलिंग्टन. पिठाच्या गिरणीवाले काका प्रशियाचा सेनापती ब्ल्यूशर, ते दोन गल्ल्या पलीकडे आपल्या गिरणीतच बसतात. पंच मी. आणि चिठ्ठ्या पोचवायला माझा पुतण्या, सायकलसकट. मोबाइल सगळ्यांचे एका डब्यात टाकायचे आणि डबा घरात ठेवायचा. यात कोणालाही सूट नाही.

पट्ट्या

शिशाचे रंगवलेले छोटे शिपाई विकत मिळतात, पण शेकड्यांनी घेणं आपल्या आवाक्यातलं नाही आणि गरजही नाही. मी २० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड पट्टीची २० फुटी एक लांबी घेतो आणि ५ सेंटिमीटरचे १०० तुकडे कापतो. कटरमध्ये जाणारा माल धरूनही एका लांबीत शंभर निघतात. ग्राइंडरने कोर मारा, नाहीतर बोट चिरतं.

वाटणी अशी. फ्रेंचांच्या ३९: पायदळाच्या २५, घोडदळाच्या १४. वेलिंग्टनच्या ३६: पायदळ २५, घोडदळ ११. प्रशियाच्या २५. पायदळाची एक पट्टी म्हणजे साधारण २,००० माणूस, घोडदळाची एक म्हणजे १,००० स्वार. हे आकडे हवेतले नाहीत. त्या सकाळी नेपोलियनकडे सुमारे ७३,००० आणि वेलिंग्टनकडे सुमारे ६८,००० माणसं होती; पायदळ दोघांचंही जवळपास ५०,००० भरत होतं. प्रशियाचे संध्याकाळपर्यंत ५०,००० येऊन भिडले. नेपोलियनची खरी आघाडी तोफांची. त्याच्याकडे २४६, वेलिंग्टनकडे १५६. वीस तोफांना एक बोल्ट धरला तर १२ आणि ८ बोल्ट होतात. प्रशियाला ४ द्या.

फ्रेंच निळे, इंग्रज आणि त्यांचे दोस्त लाल, प्रशियाचे काळे. ऑइल पेंट लावा, लवकर निघत नाही. घोडदळाच्या पट्टीवर मी वेल्डिंगचा एक ठिपका सोडतो, म्हणजे न पाहताही बोटाला कळतं. फ्रेंच पायदळातल्या ६ पट्ट्यांवर पांढरी रेघ ओढा, ते नेपोलियनचे इम्पीरियल गार्ड, म्हणजे त्याचे खास निवडक शिपाई. ज्यांच्याकडे कटर नाही त्यांनी बांबूच्या कामट्या कापाव्यात. पण लोखंडाचा एक मोठा फायदा आहे: एप्रिलमधलं वावधन शेडमधून गेलं तरी सैन्य जागचं हलत नाही. फक्त उन्हात ठेवू नका. दहा वाजताच्या उन्हात अर्धा तास राहिलेली पट्टी उचलवत नाही.

बाकी सामान घरातलंच. लुडोचे चार फासे, वाटीभर तुरीचे दाणे आणि पसाभर कापूस. कापूस सरकीसकट घ्या; पिंजलेला वाऱ्याने उडतो. ज्या तोफेने त्या फेरीत गोळा टाकला तिच्यापुढे एक बोंड ठेवायचं. तो तिचा धूर. धुरातून दुसऱ्या कोणाला नेम धरता येत नाही, त्यामुळे कापूस कुठे साचतो याकडे लक्ष ठेवावं लागतं. दुपारी मधल्या पट्ट्यात पांढरंच पांढरं होतं, आणि खरोखरच्या लढाईतही काळ्या दारूच्या धुराने तसंच झालं होतं.

शिवार

प्लायवरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. म्हणजे आठ फुटांत सहा किलोमीटर लांबी आणि चार फुटांत तीन किलोमीटर खोली बसते. वरची बाजू उत्तर.

वरच्या काठापासून ३० सेंटिमीटरवर पूर्व-पश्चिम एक उंचवटा करायचा. त्याच्यामागे मों-सें-जाँ, आणि तिथून ब्रुसेल्सचा रस्ता. मी प्लायवर तुराट्या आडव्या मांडतो, मधे तीन थर, कडेला एक, आणि वर बारदान पसरतो. चढ मंद होतो आणि पट्टी घसरत नाही. त्याच्या दक्षिणेला ५०-५५ सेंटिमीटरवर असाच दुसरा उंचवटा, ला बेल आलियांस, तिथे फ्रेंच. ब्रुसेल्सचा रस्ता दोन्ही उंचवट्यांना मधोमध छेदून जातो. सुतळी ताणली की झाला रस्ता. त्या रस्त्यावर, वरच्या उंचवट्याच्या जरा खाली ला हे सेंत नावाचं शेतघर. नैऋत्येला उगोमों: भिंती, कोठारं, फळबाग आणि रान. आग्नेयेला, खालच्या काठाला लागून प्लांसन्वा गाव आणि चर्च. घरांना काडीपेट्या चालतात, रानाला पऱ्हाटीच्या काड्या मातीच्या गोळ्यात रोवायच्या.

ही नावं चिठ्ठीत लिहायला अवघड जातात. आम्ही उगोमोंला वाडा म्हणतो, ला हे सेंतला कोठा आणि प्लांसन्वाला गाव. आणखी एक: मार्शल ने याचं नाव चिठ्ठीत नुसतं लिहू नका. ‘गार्ड ने’ असं लिहिलं की तो हुकूम आहे की नाव, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मार्शल एवढंच लिहावं.

वरच्या उंचवट्याचं महत्त्व समजायला आपल्या शेताचा धुरा आठवा. धुऱ्याच्या पलीकडे कोणी आडवं झालं तर अलीकडच्या वावरातून दिसत नाही. वेलिंग्टनने बहुतेक पायदळ असंच मागच्या उतारावर ठेवलं आणि तोफा सुरू झाल्या की झोपवलं. नेपोलियनला समोर तुरळक रांग दिसत होती. मागे काय आहे ते त्याला तिथून कळणं शक्य नव्हतं. खेळात हे असं करा: उंचवट्यामागच्या लाल पट्ट्या प्लायवर ठेवायच्याच नाहीत. गुरुजी आपल्या नकाशावर त्यांच्या जागा पेन्सिलीने मांडतात आणि ती वही पंचाकडे असते. निळी पट्टी माथ्यावर चढली, की पंच वही उघडतो आणि तिच्यासमोर जे असेल ते ठेवतो. खऱ्या लढाईत दुपारी दीडच्या सुमारास फ्रेंच सेनानी देर्लोंच्या तुकड्या अशाच चढत गेल्या आणि कुंपणामागून इंग्रज सेनानी पिक्टनची माणसं उभी राहिली. वहिनीने सहा पट्ट्या माथ्यावर आणल्या आणि मी त्यांच्यापुढे एकामागून एक लाल पट्ट्या मांडत गेलो, तेव्हा शेडमध्ये कोणी बोलत नव्हतं.

वाफसा

नेपोलियनने सकाळीच हल्ला का केला नाही, हा प्रश्न पहिल्या वर्षी आमच्याकडे प्रत्येकाने विचारला. “काहून थांबला बे तो? सक्काळीच भिडाले पायजे होतं.” मी पुस्तकात वाचलेलं सांगायला लागलो, तोवर काका म्हणाले, “वाफसा नव्हता ना बाप्पा.”

इतकं नेमकं उत्तर मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. १७ जूनच्या दुपारपासून रात्रभर धो धो पाऊस पडला होता. जमीन चिकण, त्यात राय नावाचं धान्य पुरुषभर उंच उभं, आपल्याकडे ज्वारी उभी असते तशी. पाऊस पडल्यावर काळ्या जमिनीत बैलगाडी घातली तर चाकाला गोळे धरून ती कशी रुतते हे ज्याने पाहिलंय, त्याला बारा पौंडी तोफ ओढणाऱ्या घोड्यांचं वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय तोफेचा भरीव गोळा टणक जमिनीवर टप्पे घेत रांगांतून जातो, तेव्हा जास्त माणसं पाडतो. चिखलात तो पडतो तिथेच रुततो. म्हणून साडेअकरापर्यंत थांबणं आलं. पण तेवढ्या वेळात पूर्वेकडून प्रशियाची वाट कमी होत होती.

हाच खेळातला सगळ्यात अवघड निर्णय आहे आणि तो नेपोलियनकडेच ठेवा. एक फेरी म्हणजे लढाईच्या घड्याळातला अर्धा तास. नऊला सुरू कर, साडेअकराला कर, नाहीतर एकला. खेळ रात्री नऊला संपतो. साडेअकराला सुरू केलं तर १९ फेऱ्या मिळतात. घड्याळात एक वाजेपर्यंत जमीन ओली धरायची: तोफ फेरीला ५ सेंटिमीटरच सरकते आणि लांबचा गोळा फाशावर ६ आला तरच लागतो. एकनंतर वाफसा.

तिकडे गिरणीत काका सकाळी दहापासून दर फेरीला एक फासा टाकतात आणि बेरीज लिहून ठेवतात. बेरीज ४५ झाली की प्रशियाची पहिली फौज पूर्वेच्या काठावर हजर. सरासरी पाहिली तर ती साडेचारला येते, आणि प्रशियाचा सेनानी ब्युलोव खरोखरच साडेचारच्या सुमारास रानातून बाहेर पडून गावाच्या दिशेने चालून आला होता. पण फासा कधी साडेतीनला आणतो, कधी सहाला. दर फेरीला ५ पट्ट्या याप्रमाणे १५ येतात. पहिली पट्टी आल्यानंतर पाच फेऱ्यांनी उरलेल्या १० उत्तरेकडून, वेलिंग्टनच्या डाव्या टोकाला.

चालणं, झाडणं, भिडणं

नियम थोडे ठेवा. टेप वापरू नका, सळईचे ४, १२, २०, ३६ आणि ४० सेंटिमीटरचे तुकडे कापून ठेवा.

पायदळ २० चालतं, घोडदळ ४०, तोफ १०. तोफ रस्त्याने गेली तर ३०. रानात सगळ्यांची चाल निम्मी.

पट्टीची लांब बाजू शत्रूकडे असेल तर ती रांग, अरुंद बाजू असेल तर स्तंभ, आणि पट्टीवर चौकोनी नट ठेवला तर चौकोन. यातच त्या काळची सगळी लढाई आहे. ठासणीची बंदूक शंभर मीटरच्या पलीकडे भरवशाची नव्हती आणि मिनिटाला दोन-तीनदाच झाडता यायची. म्हणून जास्तीत जास्त बंदुका एका वेळी समोर याव्यात यासाठी रांग. रांग घेऊन चालणं मात्र अवघड, वेग हवा असेल तर स्तंभ. घोडदळ आलं की संगिनी चारी बाजूंना करून चौकोन. चौकोनावर घोडा जात नाही, पण दाटीने उभा असलेला चौकोन तोफेला आयता सापडतो.

म्हणून ४ सेंटिमीटरवरून रांग झाडते तेव्हा ४, ५, ६ ला लागतं. स्तंभ किंवा चौकोन झाडतो तेव्हा फक्त ६ ला. तोफ ३६ पर्यंत ५ आणि ६ ला, १२ च्या आत ३ पासून पुढे, कारण तिथे ती छऱ्यांचा डबा मारते. स्तंभावर आणि चौकोनावर मारताना तोफेच्या फाशात एक मिळवा. माथ्यामागे असलेल्यावर मारता येत नाही.

भिडल्यावर दोघांनी दोन-दोन फासे टाकायचे. घोडदळ रांगेवर किंवा स्तंभावर आलं तर त्याला ३ जास्त, चौकोनावर आलं तर ४ कमी. अंगावर असलेल्या प्रत्येक दाण्यामागे १ कमी. हरला तो एक चाल मागे, एक दाणा पदरात. घोडदळ २० सेंटिमीटरच्या आत आलं की पायदळाने चौकोन मागायचा. १ आला तर तो वेळेत बनला नाही. आणि जिंकलेलं घोडदळ ताब्यात राहत नाही. फाशावर १ ते ३ आले, इंग्रज असेल तर १ ते ४, की ते पुढच्या फेरीत सरळ समोर धावत सुटतं. इंग्रजांचं जड घोडदळ देर्लोंच्या तुकड्या मोडून असंच फ्रेंच तोफांपर्यंत गेलं, घोडे दमले, आणि भालाइतांनी त्यांना तिथे गाठलं.

प्रत्येक फटक्याला पट्टीवर तुरीचा एक दाणा. चार झाले की पट्टी उचलायची. दोन दाणे झालेल्या पायदळाला पुन्हा फटका बसला तर फासा टाकायचा. १ किंवा २ आला तर ते पळतं. सेनापतीच्या नावाचा वेगळा बोल्ट त्या पट्टीला टेकलेला असेल तर फासा एकदा परत टाकता येतो. हा नियम मी आडगाववरून घेतला. आडगाव आमच्याच तेल्हारा तालुक्यातलं. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ ला भोसल्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रजांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. याच पलटणी दोन महिन्यांआधी असईला नेटाने लढल्या होत्या. त्यांचा सेनापती जवळच होता. त्याने त्यांना गोळा केलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि स्वतः पुढे घेऊन गेला. तो सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजेच बारा वर्षांनंतरचा वेलिंग्टन. त्या संध्याकाळी भोसल्यांच्या ३८ तोफा गेल्या, पंधरवड्यात गाविलगड गेला, आणि देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. आडगावच्या रस्त्याने जाताना मला हे दरवेळी आठवतं. वेलिंग्टनचा बोल्ट हातात घेताना तर आठवतंच.

एक दाणा म्हणजे २५० माणसं. ज्या ज्या फेरीत दाणे पडतील ते मोजून वहीत लिहा. वॉटर्लूला तिन्ही सैन्यांची मिळून चाळीस हजारांहून जास्त माणसं एका दिवसात मेली किंवा जखमी झाली. ते १६० दाणे होतात आणि एका मुठीत मावतात. आम्ही ती तूर शिजवत नाही.

कोण जिंकलं? ब्रुसेल्सचा रस्ता वरच्या उंचवट्याला छेदतो तो चौक रात्री नऊला फ्रेंचांकडे असेल, किंवा लाल पायदळाच्या १३ पट्ट्या उचलल्या गेल्या असतील, तर नेपोलियन. नाहीतर नाही.

चिठ्ठ्या

जुन्या कॅलेंडरच्या पानांचे तळहाताएवढे तुकडे करा. प्रत्येक चिठ्ठीवर वेळ, कोणाकडून, कोणाला, आणि जास्तीत जास्त दोन वाक्यं. चिठ्ठी आधी पंचाकडे येते. नेपोलियनपासून मार्शलपर्यंत एक फेरी, वेलिंग्टनपासून ब्ल्यूशरपर्यंत तीन. फासा टाका, १ आला तर आणखी एक फेरी उशीर. पंचाने चिठ्ठी खिशात ठेवायची आणि वेळ झाल्यावरच पुतण्याच्या हातात द्यायची. पंच काही समजावून सांगत नाही.

परतीच्या चिठ्ठ्याही तितक्याच महत्त्वाच्या. मार्शलने दर दोन फेऱ्यांनी नेपोलियनला काय चाललंय ते कळवलं पाहिजे. भर लढाईत ते राहून जातं आणि मग कडुलिंबाखालचा माणूस दीड तास जुन्या बातमीवर हुकूम देत बसतो.

फ्रेंच सेनानी ग्रूशीला खेळाडू देऊ नका. नेपोलियनने आदल्या दिवशी त्याला सुमारे ३३,००० माणसं देऊन प्रशियाच्या मागावर पाठवलं होतं, आणि लढाईच्या दिवशी तो दूर वाव्र गावाच्या बाजूला होता. दिवसभर एकट्याने बसायला कोणी तयार होत नाही. त्याऐवजी: त्याला लिहिलेली चिठ्ठी ८ फेऱ्यांनी पोचते, मग फाशावर ४ पासून पुढे आलं तर तो निघतो, आणि आणखी ८ फेऱ्यांनी काठावर येतो. खऱ्या लढाईत एकला लिहिलेला हुकूम त्याला चार-पाचच्या सुमारास मिळाला. नेपोलियनचा जुना सेनाव्यवस्थापक बेर्तिए असता तर त्याने एकच हुकूम दोन-तीन स्वारांबरोबर पाठवला असता. पण बेर्तिए १ जूनलाच खिडकीतून पडून वारला होता आणि त्याच्या जागी सुल्त होता. म्हणून आमच्याकडे नेपोलियनला अख्ख्या खेळात तीन वेळा दुहेरी चिठ्ठी लिहायची मुभा आहे. दोन्हींसाठी वेगळा फासा, लवकरची धरायची.

चिठ्ठी कशी लिहावी हे सांगायला दुसऱ्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. घड्याळात बारा वाजले होते. पुतण्या धापा टाकत आला आणि वहिनीच्या हातात चिठ्ठी दिली. निळी शाई घामाने जरा पसरली होती. चिठ्ठीत होतं: ‘डावीकडे जोर लाव. तोफा मागून येतील.’ वहिनीने ती दोनदा वाचली, प्लायच्या एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या टोकाकडे, आणि मला म्हणाली, “भाऊजी, डावीकडे म्हंजे कोनाच्या डावीकडे?”

मला उत्तर माहीत होतं. मामेभाऊ झाडाच्या सावलीप्रमाणे सरकत सरकत उलट्या बाजूला बसला होता आणि त्याच्या नकाशाची उत्तर त्याच्या पायाकडे होती. त्याला उजवं टोक, म्हणजे पूर्वेकडच्या पापलोत शेतघराची बाजू म्हणायची होती. पण पंचाने बोलायचं नसतं. वहिनीने आपल्या डावीकडे, वाड्यावर सहा पट्ट्या घातल्या. पहिल्या दोन रानात अडकल्या, पुढच्या दोन भिंतीखाली दाण्यांनी भरल्या, आणि त्यांना सोडवायला आणखी गेल्या. तीन वाजेपर्यंत फ्रेंचांचं अर्धं पायदळ एका काडीपेटीभोवती होतं. खऱ्या लढाईतही उगोमोंवरचा हल्ला शत्रूला नुसतं गुंतवून ठेवण्यासाठी सुरू झाला होता आणि फ्रेंच सेनानी रेयच्या फौजेचा मोठा भाग दिवसभर त्या भिंतींनी खाल्ला.

तेव्हापासून चिठ्ठीत डावं-उजवं लिहायला बंदी आहे. जागेचं नाव लिहा: वाडा, कोठा, गाव. ‘जोर लाव’ असंही लिहू नका. किती पट्ट्या, कुठपर्यंत, आणि नाही जमलं तर काय, हे लिहा. ‘कोठा घे. ४ पट्ट्या. पाचपर्यंत पडला नाही तर थांब आणि कळव.’ एवढी चिठ्ठी लिहायला मामेभावाला दोन वर्षं लागली, पण मागच्या चैत्रात कोठा साडेपाचलाच पडला, आणि गुरुजींनी पहिल्यांदा खुर्ची सोडली.

मार्शल खेळणाऱ्यासाठी एक सल्ला. चारच्या सुमारास लाल पट्ट्या मागे सरकताना दिसतील आणि सगळं घोडदळ सोडावंसं वाटेल. मार्शल नेने तेच केलं, हजारो स्वार चढावरून पुन्हा पुन्हा गेले आणि चौकोनांना वळसे घालून परत आले, कारण बरोबर पायदळ नव्हतं आणि तोफाही पुरेशा नव्हत्या. घोडदळ सोडायचंच असेल तर त्याआधी एक फेरी तोफा १२ सेंटिमीटरच्या आत न्या. घोडदळाच्या धाकाने चौकोन झाला, की त्या चौकोनावर छरे. वहिनीला हे जमलं त्या वर्षी नेपोलियन जिंकला.

खेळ संपला की लगेच उठू नका. सगळ्यांना कडुलिंबाखाली बोलवा, कैरीचं पन्हं द्या, आणि पंचाने सगळ्या चिठ्ठ्या वेळेप्रमाणे लावून मोठ्याने वाचाव्यात: लिहिली कधी, पोचली कधी, तोवर प्लायवर काय झालं होतं. काकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की गुरुजी चार वाजल्यापासून त्यांची वाट पाहत होते. मामेभावाला कळतं की त्याने गार्ड पाठवायला सांगितलं तेव्हा कोठा आधीच पडलेला होता आणि मधली तासभराची संधी चिठ्ठीतच गेली. या वाचनाला आमचा एक तास जातो आणि भांडणंही इथेच होतात.

मग दाणे वाटीत, कापूस पोत्यात. पट्ट्यांवरून जळक्या ऑइलचा बोळा फिरवून त्या बारदानात गुंडाळा, नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात गंज धरतो. चिठ्ठ्या मी दुकानात बिलं टोचायच्या तारेवर लावून ठेवतो, दर वर्षाची वेगळी तार.